हृदयासाठी स्टेम सेल उपचार सुचवला, तर होकार देण्याआधी काय तपासायचं

हार्टचं पंपिंग ३० टक्क्यांवर आलेलं असतं, गोळ्या चालू असतात, तरी दोन जिने चढले की दम लागतो. अशा वेळी कुणीतरी सांगतं की स्टेम सेल, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशी, सोडल्या की हृदयाचा स्नायू नव्याने तयार होतो. हे ऐकल्यावर रुग्णाने आणि घरच्यांनी कोणत्या क्रमाने काय तपासायचं, ते इथे दिलं आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: हृदयविकारावर स्टेम सेल हा अजून प्रयोगाच्या टप्प्यावरचा उपचार आहे. नीट नोंदवलेल्या, देखरेखीखालच्या चाचणीत तो घ्यायला हरकत नाही. पैसे भरून, पॅकेज म्हणून तो घेऊ नये.

आधी, हृदयात नेमकं काय बिघडलंय

हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात साधारण २०० ते ४०० कोटी स्नायुपेशी असतात. मोठ्या झटक्यात त्यातल्या १०० कोटींच्या आसपास काही तासांत मरू शकतात. कापलेली त्वचा भरून येते तसं हृदयाचं होत नाही. अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेल्या कार्बन-१४ चा पेशींमध्ये माग काढून स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ साली हिशेब मांडला: पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का स्नायुपेशी नव्या येतात, आणि पंचाहत्तरीत हा वेग ०.४५ टक्क्यावर येतो. मेलेल्या स्नायूच्या जागी व्रणाची चिवट ऊती येते. ती हृदयाची भिंत धरून ठेवते, पण आकुंचन पावत नाही. उरलेल्या स्नायूवर भार पडतो, कप्पा ताणला जातो आणि पंपिंग आणखी घसरतं.

बोन मॅरोतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या, पेशी ही पोकळी भरतील, ही आशा २००१ साली उंदरांवरच्या एका शोधनिबंधाने जागवली. २००४ मध्ये दुसऱ्या प्रयोगशाळांनी तोच प्रयोग काटेकोरपणे करून पाहिला, तेव्हा मॅरोच्या पेशी हृदयाच्या स्नायूत बदलताना दिसल्या नाहीत. मूळ दावा करणाऱ्या पिएरो अनवर्सा यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस २०१८ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटल यांनीच केली. तोवर जगभर हजारो रुग्णांना अशा पेशी देऊन झाल्या होत्या.

मग काही रुग्णांना थोडा फायदा दिसला तो कशामुळे? सोडलेल्या पेशी स्वतः स्नायू बनत नाहीत. त्यांच्यातून झरणाऱ्या रसायनांमुळे सूज, व्रण आणि बारीक रक्तवाहिन्या यांवर परिणाम होतो, असं आज बहुतेक संशोधक मानतात. २०२० मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात तर मेलेल्या पेशी टोचूनही तसाच फायदा दिसला. टोचल्यामुळे उठलेली प्रतिकारशक्तीची प्रतिक्रियाच व्रणाची घडण बदलत होती. तुमच्या कामाची गोष्ट यातून एवढीच: पोटाच्या चरबीतून किंवा बोन मॅरोतून काढलेल्या पेशींनी "नवा स्नायू तयार होईल" असं कुणी सांगितलं, तर तो माणूस वीस वर्षं जुनी गोष्ट सांगतो आहे. चर्चा तिथेच थांबवली तरी चालेल.

पहिलं काम: स्वतःचे आकडे जमवा

फाईलमध्ये तारखेनुसार हे कागद लावा: झटक्याच्या वेळचा ईसीजी आणि अँजिओग्राफीचा अहवाल, अँजिओप्लास्टी किंवा बायपासचा डिस्चार्ज कागद, आजवरचे सगळे इको, झाला असेल तर हृदयाचा एमआरआय, बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपीचा (हृदयावरचा ताण दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा) रिपोर्ट, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा), पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा).

इकोचा कागद वाचताना एक सवय लावून घ्या. ईएफ, म्हणजे ज्याला आपण पंपिंग म्हणतो तो आकडा, कोणत्या पद्धतीने काढला आहे ते बघा. "व्हिज्युअल" लिहिलं असेल तर तो नजरेचा अंदाज आहे. "सिम्पसन" लिहिलं असेल तर कप्प्याच्या कडा आखून मोजलेला आहे. तरीही एकाच रुग्णाचा इको दोन जणांनी केला तर ५ ते ७ अंकांचा फरक सहज पडतो. म्हणजे ३० चे ३५ झाले यावरून हृदय सुधारलं असं म्हणता येत नाही. एमआरआयमध्ये ही चूक बरीच कमी असते आणि व्रण किती खोल आहे तेही दिसतं.

दुसरी गोष्ट, झटक्यानंतर बंद नळी उघडली की काही स्नायू जिवंत असूनही सुन्न पडलेला असतो. तो पुढच्या काही आठवड्यांत आपोआप जागा होतो. झटक्यानंतर तिसऱ्या दिवशी ३५ असलेलं पंपिंग तिसऱ्या महिन्यात ४५ झालं, तर त्याचं श्रेय मधल्या काळात दिलेल्या कुठल्याही इंजेक्शनला देता येतं, आणि दिलंही जातं. म्हणून आधीचा आणि नंतरचा इको शेजारी ठेवून दाखवलेली जाहिरात काहीच सिद्ध करत नाही. पेशी न दिलेल्या तशाच रुग्णांचं काय झालं, हे विचारा.

जर्मनीतल्या बूस्ट चाचणीत याचा चांगला नमुना मिळतो. ६० रुग्णांपैकी निम्म्यांना झटक्यानंतर बोन मॅरोच्या पेशी दिल्या. सहा महिन्यांनी त्यांचं पंपिंग ६.७ अंकांनी वाढलं, न दिलेल्यांचं ०.७ ने. बातमी मोठी झाली. अठरा महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा दोन गटांतलं अंतर निम्म्यावर आलं होतं. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी अशा ४९ चाचण्यांचे अहवाल ओळ न् ओळ तपासले. ज्या अहवालांत आकड्यांच्या विसंगती जास्त, त्यांत फायदाही जास्त दिसत होता. आणि एकही विसंगती नसलेल्या चाचण्यांत सरासरी फायदा शून्यावर येत होता.

दुसरं काम: सिद्ध झालेले उपचार पुरते झालेत का

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. स्टेम सेलकडे वळणाऱ्या रुग्णांची फाईल उघडली की पुष्कळदा औषधं आहेत पण डोस निम्म्यावर अडकलेला, असं दिसतं.

पंपिंग ४० किंवा त्याखाली असेल तर चार प्रकारची औषधं एकत्र लागतात: सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन किंवा त्याच जातीचं दुसरं, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. ज्या डोसवर मृत्यू कमी झाल्याचं सिद्ध झालं तो ठरलेला आहे. मेटोप्रोलॉल सक्सिनेट दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत, बिसोप्रोलॉल १० मिलिग्रॅमपर्यंत, कार्वेडिलॉल २५ मिलिग्रॅम दोन वेळा, स्पायरोनोलॅक्टोन २५ ते ५०, डापाग्लिफ्लोझिन १०. सगळ्यांनाच तिथवर जाता येत नाही. बीपी खूप उतरतं, ठोके मंदावतात, पोटॅशियम वाढतं. पण का थांबलो, याचं कारण फाईलमध्ये लिहिलेलं असायला हवं. "रुग्ण ठीक वाटला म्हणून" हे कारण होत नाही. डोस स्वतःहून मात्र वाढवू नका. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासत, टप्प्याटप्प्यानेच वाढवायचा असतो.

२०२२ च्या स्ट्राँग-एचएफ चाचणीत रुग्णालयातून घरी गेलेल्यांचे डोस दोन आठवड्यांत, जवळून लक्ष ठेवत, पूर्ण पातळीवर नेले. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती होणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत २३.३ टक्के होतं, यांच्यात १५.२ टक्के. हृदयावरच्या कोणत्याही स्टेम सेल उपचाराकडे इतका ठोस आकडा आज नाही.

डॉक्टरांना आणखी हे विचारा. तीन महिने पुरेशी औषधं घेऊनही पंपिंग ३५ किंवा त्याखाली आहे, तर आयसीडी (जीवघेणे ठोके शॉक देऊन थांबवणारं यंत्र) बसवायचं का? ईसीजीत डाव्या बाजूचा ब्लॉक (विजेच्या वाटेतला अडथळा, नळीतला नव्हे) आहे आणि क्यूआरएस ही लाट १५० मिलिसेकंदांहून रुंद आहे, तर हृदयाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी आकुंचन पावतील असं करणाऱ्या सीआरटी पेसमेकरचा उपयोग होईल का? फेरिटिन १०० च्या खाली आहे, तर शिरेतून लोह द्यायचं का? झडप गळते आहे का? कुठली नळी उघडायची राहिली आहे का? देखरेखीखालचा व्यायाम सुरू झाला का? आणि हे सगळं करूनही वारंवार भरती व्हावं लागत असेल, तर प्रत्यारोपण किंवा एलव्हीएडी (हृदयाला जोडायचा यांत्रिक पंप) करणाऱ्या केंद्राकडे कधी पाठवणार? हा शेवटचा प्रश्न उशिरा विचारला जातो. तोवर किडनी आणि फुप्फुसांचा दाब इतका बिघडतो की प्रत्यारोपणाची वाट बंद होते. स्टेम सेलच्या मागे घालवलेलं वर्ष याच ठिकाणी महागात पडतं.

तिसरं काम: कोणती पेशी, कुठून, किती, कोणत्या वाटेने

"स्टेम सेल" एवढं उत्तर पुरत नाही. त्या नावाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात.

बोन मॅरोतल्या एककेंद्रकी पेशी रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून काढतात. हे मिश्रण असतं, त्यात खऱ्या स्टेम सेल अगदी थोड्या. झटक्यानंतर या दिल्याने मृत्यू कमी होतात का, हे पाहायला युरोपात बामी चाचणी आखली. ३,००० रुग्ण हवे होते, मिळाले ३७५. दोन वर्षांत पेशी दिलेल्यांत ३.२६ टक्के आणि न दिलेल्यांत ३.८२ टक्के मृत्यू झाले. एवढ्या फरकावरून कुठलाच निष्कर्ष निघत नाही.

मेसेनकायमल पेशी मॅरो, चरबी किंवा नाळेतून काढून प्रयोगशाळेत वाढवतात. त्या दात्याच्याही चालतात. यातली सर्वांत मोठी चाचणी ड्रीम-एचएफ, ५३७ रुग्णांची, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या साधारण निम्म्यांना प्रत्येकी १५ कोटी पेशी हृदयाच्या भिंतीत टोचल्या, बाकीचे तुलनेसाठी होते. हार्ट फेल्युअरमुळे वारंवार भरती होणं कमी करायचं, हे मुख्य उद्दिष्ट साधलं नाही. झटका आणि पक्षाघात मात्र कमी दिसले, विशेषतः ज्यांच्या रक्तात सुजेचं प्रमाण जास्त होतं त्यांच्यात. हा धागा खरोखर आशेचा आहे. त्यासाठी मुद्दाम आखलेली नवी चाचणी झाल्यावरच तो पक्का होईल.

मांडीच्या स्नायूतल्या मायोब्लास्ट पेशी हृदयातल्या पेशींशी विजेच्या जोडण्या बांधत नाहीत, म्हणून धोकादायक अनियमित ठोक्यांची भीती राहते. त्यांचीच चादर करून हृदयावर लावायचा हार्टशीट हा उपचार जपानने २०१५ मध्ये सशर्त मंजूर केला. पुढे परिणामकारकता सिद्ध न झाल्याने २०२४ मध्ये तो बाजारातून गेला.

चौथा प्रकार म्हणजे आयपीएस पेशींपासून, म्हणजे साध्या पेशी मागे नेऊन केलेल्या स्टेम सेलपासून, बनवलेल्या खऱ्या हृदयपेशी. जपानी संशोधक शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशी मागे नेऊन स्टेम सेलसारख्या करून दाखवल्या. आता त्यांतून ताटलीत धडधडणारा स्नायू वाढवता येतो. जपानमध्ये ओसाका विद्यापीठात २०२० पासून त्याच्या चादरी रुग्णांच्या हृदयावर लावल्या गेल्या. जर्मनीत ग्योटिंगनच्या गटाने स्नायूचं ठिगळ शिवलेल्या एका रुग्णेचं तीन महिन्यांनी प्रत्यारोपण झालं. काढलेल्या हृदयात ते ठिगळ जिवंत आढळलं. "नवा स्नायू" हे शब्द शोभतात ते इथेच. पण पेशी दुसऱ्याच्या असल्याने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागतात, कच्ची पेशी राहिली तर गाठ होण्याची भीती असते, आणि रुजण्याच्या काळात ठोके बिघडू शकतात. हे काम मोजक्या संशोधन केंद्रांतच चालतं. कुठलंही क्लिनिक हे एका दुपारी करून घरी पाठवत नाही.

वाटही विचारा. हाताच्या शिरेतून सलाईनसारख्या सोडलेल्या पेशी आधी फुप्फुसांत पोचतात आणि बहुतेक तिथेच अडकतात. हृदयाच्या नळीतून सोडलेल्या मॅरोच्या पेशींपैकीही दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच तासाभराने हृदयात सापडतात, बाकी यकृत आणि प्लीहेत जातात. त्यामुळे "शिरेतून पाच कोटी" हा आकडा ऐकायला मोठा वाटतो तितका नसतो.

चौथं काम: नोंदणी आणि संमतीपत्र

चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. अमेरिकेच्या क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या नोंदवहीत तो एनसीटी आणि पुढे आठ अंक असा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शोधपानावर इतर देशांच्या नोंदीही एकत्र सापडतात. क्रमांक टाकून बघा: तुलनेचा गट आहे का, कोणाला काय दिलं ते मोजणाऱ्याला माहीत नसतं का, मुख्य उद्दिष्ट काय, केंद्राचं नाव यादीत आहे का, आणि भरती खरोखर चालू आहे का.

नोंद आहे म्हणजे मान्यता आहे, असं समजू नका. नोंदवही कुणालाही नोंद करू देते, आणि पैसे घेणारी क्लिनिकं तिचा उपयोग पाटीसारखा करतात. म्हणून नैतिकता समितीचं मंजुरीपत्र आणि औषध नियामकाची परवानगी वेगळी मागा. चाचणीतल्या पेशींचे पैसे रुग्णाकडून मागितले जात असतील, तर उठून या.

संमतीपत्र घरी आणा, एक रात्र जाऊ द्या, मग वाचा. त्यात हे हवं: पेशींची संख्या आणि जिवंत पेशींचं प्रमाण, जंतुसंसर्गाची चाचणी कोणती आणि तिचा निकाल पेशी देण्याआधी येतो की नंतर, इजा झाली तर खर्च कोण करणार, चाचणी सोडायची असेल तर काय, आणि किती वर्षं पाठपुरावा होणार. मधुमेह, गुडघे, मेंदू आणि हृदय या सगळ्यांवर एकच इंजेक्शन देणाऱ्यांकडे असं संमतीपत्र सापडत नाही. संसर्गाची भीती पुस्तकी नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत नाळेच्या रक्तापासून बनवलेल्या एका उत्पादनामुळे १२ रुग्णांना जिवाणूंचा गंभीर संसर्ग झाला. जिवाणू न उघडलेल्या कुप्यांतही सापडले.

त्या दिवशी काय होतं, आणि कुठे बिघडतं

मॅरो काढताना रुग्ण पालथा किंवा कुशीवर झोपतो. कमरेमागच्या हाडाची जागा बधिर करून जाड सुई आत नेतात आणि चाचणीप्रमाणे ५० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक मॅरो ओढतात. त्वचा बधिर होते, हाडाचा आतला भाग होत नाही. ओढताना पायापर्यंत खेचल्यासारखी कळ येते. ती काही सेकंद टिकते. एकाच जागेवरून खूप ओढलं की मॅरोऐवजी साधं रक्तच येतं, म्हणून सुईची जागा बदलतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात, त्यामुळे तिथे काळंनिळं होणं नेहमीचं. स्टेंट असेल तर या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, कारण स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेततं.

मॅरो मग एका दाट द्रावावर हलकेच ओतून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. तांबड्या पेशी तळाला जातात आणि मधल्या पांढुरक्या थरात हव्या त्या पेशी राहतात. तो थर उचलताना तांबड्या पेशी मिसळल्या तर बाकीच्या पेशींची चलनवलनाची ताकद घटते. एकाच नावाच्या उपचाराचे निकाल केंद्रागणिक वेगळे येण्यामागे अशा बारीक गोष्टी असतात.

नळीतून द्यायचं असेल तर अँजिओप्लास्टीसारखंच कॅथेटर नेऊन आधीच्या स्टेंटमध्ये फुगा फुगवतात. जर्मनीच्या रिपेअर-एएमआय चाचणीत १० मिलिलिटर द्राव तीन भागांत दिला. प्रत्येक वेळी फुगा तीन मिनिटं फुगलेला आणि मध्ये तीन मिनिटं रक्त मोकळं. त्या तीन मिनिटांत छातीत दुखू शकतं. तसं लगेच सांगा. मेसेनकायमल पेशी आकाराने मोठ्या असतात, केशवाहिन्यांत अडकून छोटे झटके आणू शकतात. त्या नळीतून घाईने दिल्या जात नाहीत.

भिंतीत टोचायचं असेल तर जांघेतून कॅथेटर डाव्या कप्प्यात नेतात, आतल्या भिंतीचा विजेच्या संकेतांवरून नकाशा काढतात आणि जिवंत पण सुस्त भागात १५ ते २० ठिकाणी थोडं थोडं सोडतात. भिंत पातळ असेल तिथे सुई आरपार जाऊन हृदयाभोवती रक्त साचू शकतं. कप्प्यात आधीच गुठळी असेल तर ती सुटून मेंदूत जाऊ शकते. म्हणून आदल्या दिवशीचा इको आवश्यक. महाधमनीची कृत्रिम धातूची झडप असलेल्यांना हा मार्ग चालत नाही.

घरी आल्यावर

छातीत दुखणं, चक्कर किंवा बेशुद्धी, धडधड थांबेना, ताप आणि थंडी, बोलण्यात अडखळणं, हातपाय लुळा पडणं, जांघेत वाढत जाणारी गाठ: यातलं काहीही झालं तर चाचणी केंद्राच्या फोनची वाट न बघता जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा, आणि पेशी दिल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा. रोज सकाळी लघवीनंतर वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साचतंय असं धरून डॉक्टरांना कळवा. बरं वाटू लागलं म्हणून हार्ट फेल्युअरच्या गोळ्या कमी करू नका.

ज्यांनी आधीच कुठेतरी असा उपचार घेतला आहे त्यांनी लपवू नये. कुठली पेशी, स्वतःची की दात्याची, कुपीचा बॅच क्रमांक, तारीख आणि वाट, एवढं एका कागदावर लिहून फाईलच्या पहिल्या पानावर लावा. दात्याच्या पेशींमुळे रक्तात परक्या ऊतीविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात, आणि पुढे प्रत्यारोपणासाठी जुळणारं हृदय शोधताना ती आड येतात. म्हणून प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालण्याची वेळ आली तर तो कागद तिथल्या टीमला दाखवा आणि प्रतिपिंडांची चाचणी करून घ्यायला सांगा.